बेडकाचे ताजे ऊतक कसे काढावे

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हातात आल्यावरच कामाला लागा. नळ्यांवर क्रमांक घालून ठेवा. द्रव नायट्रोजन भरून घ्या आणि रिंगर द्रावण (बेडकाच्या शरीरातल्या द्रवाशी जुळणारे क्षारांचे पाणी) बर्फात ठेवा. बेडकासाठी सस्तन प्राण्यांचे ०.९ टक्के सलाइन चालत नाही. पेशींतले पाणी ओढले जाऊन त्या आक्रसतात. रिंगरसाठी लिटरमागे ६.५ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.१४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला. ०.१२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड वेगळे विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ओता. घाई केली तर द्रावण गढूळ होते.

झेनोपससाठी (प्रयोगशाळेत वापरला जाणारा आफ्रिकी बेडूक) लिटरला ५ ग्रॅम एमएस-२२२ हे भुलीचे औषध घ्या. हे द्रावण मुळात आम्लधर्मी असते, ते त्वचेला झोंबते आणि प्राणी तडफडतो. म्हणून बायकार्बोनेट घालून पीएच ७ ते ७.५ वर आणा, मीटरने मोजा, अंदाजावर सोडू नका. या द्रावणात ठेवलेला बेडूक उलटा केल्यावर सरळ होत नाही आणि त्याच्या पायाचे बोट चिमटले तरी पाय आखडत नाही, याची खात्री झाली की शिरच्छेद करून लगेच मेंदू व मज्जारज्जू सुईने नष्ट करा. नुसता शिरच्छेद पुरेसा नाही, कारण बेडकाचा मेंदू ऑक्सिजनविना बराच वेळ तग धरतो. हृदय मात्र नंतरही धडधडत राहते. त्यावरून काहीच ठरवू नका. बर्फात गारठवून मारणे ग्राह्य नाही.

पोटाची त्वचा वेगळ्या कात्रीने कापा, तिचा चिकट स्राव आत जाऊ देऊ नका. स्नायूची भिंत मधोमध न कापता किंचित बाजूने कापा. मध्यरेषेत पोटाची मोठी शीर असते.

सर्वांत आधी यकृत. त्याच्या पालींमध्ये (खंडांमध्ये) हिरवट, वाटाण्यासारखे पित्ताशय दडलेले असते. बारीक चिमट्याने त्याची नळी धरा, पित्ताशय अख्खे बाजूला करा, मगच पाली कापा. फुटलेच तर पिवळा डाग पडलेला भाग टाकून द्या. स्वादुपिंडाला धक्का लावू नका, त्याची विकरे (एन्झाइम) शेजारच्या ऊतकाची प्रथिने पचवतात.

विकरे मोजायची असतील तर आधी हृदयाच्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) गार रिंगर सोडा, अलिंदाला (वरच्या कप्प्याला) छेद द्या आणि यकृत फिकट होईपर्यंत थांबा. हिमोग्लोबिन रंगमापनात घोळ घालते. शिवाय बेडकाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते, त्यामुळे रक्त राहिले की डीएनएही रक्ताचाच मिसळतो. एटीपी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू) किंवा लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशीत साठणारा पदार्थ) मोजायचे असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट गोठवा.

तुकडे ५ मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवा. जाड तुकड्याभोवती नायट्रोजनच्या वाफेचे आवरण बसते आणि मधला भाग उशिरा गोठतो. नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या धातूच्या पट्ट्यांत दाबले तर तो क्षणात गोठतो. यकृतानंतर पोटरीचा स्नायू, मूत्रपिंड वगैरे काढा. प्रत्येक अवयवाची गोठवण्याची वेळ लिहा, नळ्या उणे ८० अंशांत ठेवा. वजनही गोठलेल्या अवस्थेतच, थंड केलेल्या भांड्यात करा.