अनोव्हा चाचणीपूर्वीची तयारी

अनोव्हा म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांची एकत्र तुलना करणारी संख्याशास्त्रीय चाचणी. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी तुलनेचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. उदाहरणार्थ, पोलादाचे टेम्परिंग (कठीण केलेले पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे) चार वेगवेगळ्या तापमानांना केल्यास सरासरी रॉकवेल हार्डनेसमध्ये (कठीणपणाच्या मापात) फरक पडतो का? या चार गटांतील प्रत्येक जोडीची वेगळी टी-चाचणी (दोन सरासऱ्यांची तुलना) घेतली तर सहा तुलना होतात, आणि प्रत्येकीची सार्थकता पातळी (नसलेला फरक चुकून दिसण्याची मान्य केलेली शक्यता) ५ टक्के ठेवून त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर नसलेला फरक निदान एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. म्हणूनच सुरुवात एकाच एफ-चाचणीने, म्हणजे अनोव्हाने, करावी.

यानंतर प्रयोगाचे एकक, म्हणजे एक स्वतंत्र निरीक्षण कशाला मानायचे ते, निश्चित करावे, आणि माझ्या मते या यादीत सर्वाधिक वेळ द्यावा असे काम हेच आहे. एका तुकड्यावर तीन ठिकाणी घेतलेली वाचने म्हणजे तीन तुकडे नव्हेत, हे बहुतेकांच्या लक्षात येते. परंतु एकाच खेपेत भट्टीत ठेवलेले सहा तुकडे हीदेखील सहा स्वतंत्र एकके नसतात, कारण त्या खेपेतील तापमानाची चूक आणि धारणकाळातील फरक त्या सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. प्रत्येक तापमानासाठी भट्टी एकदाच चालवली असेल, तर दिसलेला फरक तापमानाचा की त्या खेपेचा, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक तापमानाच्या अनेक स्वतंत्र खेपा घ्याव्यात आणि विश्लेषणात प्रत्येक खेपेची सरासरी वापरावी.

खेपांचा क्रम यादृच्छिक ठेवावा. पोलादाच्या दोन वेगळ्या लॉटमधून तुकडे घ्यावे लागत असतील, तर लॉटला ब्लॉक (वेगळा उपगट) मानून प्रत्येक लॉटमध्ये चारही तापमाने घ्यावीत. किती खेपा लागतील हे ठरवताना व्यवहारात महत्त्वाचा ठरेल असा किमान फरक आणि आधीच्या नोंदींवरून अंदाजलेले प्रमाण विचलन (आकड्यांच्या विखुरण्याचे माप) हाताशी असावे. मोजणीचे उपकरण प्रमाणित ठोकळ्यावर तपासून घ्यावे.

नोंदतक्त्यात प्रत्येक एककासाठी एक ओळ असावी. तापमान अंकांत लिहिले असल्यास सॉफ्टवेअर त्याला सलग राशी समजून सरळ रेषा बसवू शकते, म्हणून तो स्तंभ गटवाचक असल्याचे स्पष्ट नमूद करावे. याची खात्री डिग्रीज ऑफ फ्रीडमवरून (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या मूल्यांच्या संख्येवरून) पटते: चार गटांत प्रत्येकी सहा खेपा असतील, तर गटांमधील ३ आणि गटांतर्गत २० दिसायला हवेत, आणि ५ टक्के पातळीवर एफचे सीमामूल्य (ज्याहून मोठा एफ आल्यास फरक सार्थ मानतात) सुमारे ३.१० येते. गटांमधील ३ ऐवजी १ दिसल्यास तिथेच थांबावे.

प्रसामान्यता (आकड्यांचे घंटाकृती वितरण) मूळ आकड्यांवर नव्हे, तर रेसिड्युअलवर (प्रत्येक आकडा वजा त्याच्या गटाची सरासरी) तपासावी, कारण गटांच्या सरासऱ्या खरोखर वेगळ्या असतील तर एकत्रित आकड्यांचा आलेख प्रसामान्य दिसेलच असे नाही. रेसिड्युअल खेपांच्या क्रमानेही मांडून पाहावेत. त्यात चढ किंवा उतार दिसला, तर मोजणी हळूहळू सरकत असल्याची शंका घ्यावी. गटांतील विखुरणे असमान असेल, विशेषतः गटांचे आकारही वेगळे असतील, तर असमान विखुरणे चालवून घेणारा वेल्च पद्धतीचा अनोव्हा वापरावा.

एफ-चाचणी कोणता गट वेगळा आहे हे सांगत नाही, म्हणून पुढची पद्धत आकडे पाहण्याआधीच ठरवावी: सर्व जोड्यांसाठी टुकी, एका प्रमाण गटाशी तुलनेसाठी डनेट. अहवालात पी-मूल्यासोबत (खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सरासऱ्यांतील फरकांचे विश्वास अंतराल (खरा फरक ज्या मर्यादांत असण्याचा अंदाज आहे त्या) द्यावेत. फरक सार्थ न ठरल्यास तर ते अधिकच आवश्यक, कारण रुंद अंतराल असताना सर्व तापमाने सारखीच आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही.