लुंडेहुंड पाळताय? या चुका टाळा

नॉर्वेत राहून नऊ वर्षं लुंडेहुंड, म्हणजे इथल्याच जातीची कुत्री, सांभाळतेय. सगळ्यात जीवघेणी चूक एकच बघत आलेय: पोट बिघडलं की 'होईल बरं दोन दिवसांत' म्हणत बसणं.

मागच्या हिवाळ्यात ओस्लोतल्या एका मराठी घरातून फोन आला. त्यांच्या चार वर्षांच्या लुंडेहुंडला, बंडूला, तीन आठवडे पातळ होत होतं. दहीभात द्यायचे, जरा सावरला की पुन्हा नेहमीचं खाणं. व्हिडिओवर पाहिलं तर मागचे पाय सुजलेले, पोटात पाणी, अंगावर मात्र हाडंच हाडं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पार खाली गेलं होतं. या जातीत आतड्यातूनच प्रथिनं गळून जातात, तिथे दहीभात काय करणार? बंडू वाचला, पण ते आठवडे वाया गेले याचा मला अजून राग येतो.

हे दुखणं जातीच्या इतिहासातून आलंय. लुंडे म्हणजे पफिन, समुद्रकिनाऱ्याच्या कड्यांत राहणारा पक्षी. कड्याच्या कपारीत शिरून तो धरून आणायचा, हे या कुत्र्याचं काम. पुढे जाळ्यांनी पक्षी धरू लागले आणि कुत्र्यांची गरज संपली. उरली ती मुख्यतः व्हॅरॉय बेटावरच्या मॉस्टाड गावात. एलेनॉर ख्रिस्टी या श्वानपालक बाईंनी तिथून पिल्लं नेऊन वाढवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने घात केला आणि १९६० च्या दशकात जेमतेम पाच-सहा कुत्री उरली. आजची सगळी जात त्यांचीच, म्हणजे सगळी एकमेकांच्या जवळच्या नात्यातली, आणि आतड्याचं दुखणंही साऱ्या जातीत.

म्हणून मी दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहिते. दोन दिवस पातळ झालं की थेट डॉक्टर. वर्षातून एकदा रक्तातलं अल्ब्युमिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेते. तुपाची पोळी बंद, पाहुण्यांच्या हातूनसुद्धा.

पायाला सहा बोटं दिसली की 'जादाची काढून टाकू का?' असं विचारतात. अजिबात नाही! निसरड्या खडकावर पाय रोवायला ती आहेत. जमिनीला न टेकणाऱ्या बोटांची नखं झिजत नाहीत, ती मात्र वेळेवर कापा.

हा कुत्रा कान दुमडून बंद करतो, मान पाठीला टेकवतो. हा आजार नव्हे.

पिल्लाची घाई झालेले लोक बुहुंड या दुसऱ्या नॉर्वेजियन जातीशी संकर केलेलं पिल्लू नको म्हणतात, 'शुद्ध' हवं म्हणतात. त्याच शुद्धपणाने ही आतडी दिलीत. मला पुढचं पिल्लू त्या संकरातलंच हवंय, कितीही थांबावं लागलं तरी.