पावसाआधी पास पाजवा

पावसाची चाहूल लागली की तिफण दुरुस्त होते, बियाण्याची उगवण तपासली जाते. पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं कोळपं मात्र गेल्या हंगामात जिथं टेकवलं तिथंच असतं. पासेला, म्हणजे कोळप्याच्या आडव्या पात्याला गंज, चाकाच्या आसाला वाळलेला चिखल. एवढ्या एका हलगर्जीपणापायी हातची पिकं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून कुणी तणाचं विचारलं की मी आधी म्हणतो, पास दाखवा.

सोयाबीनला पहिली कोळपणी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी आणि दुसरी 30 ते 35 दिवसांनी, अशी शिफारस आहे. पण झड लागली तर त्या काळात वाफसा, म्हणजे रानात काम करता येईल इतपतच ओल, मिळतो दोन दिवस, कधी एकच. त्या दिवशी पास बोथट असेल तर ती तण कापत नाही, वाकवून पुढं जाते. लांबून रान स्वच्छ दिसतं, मुळं जागेवरच असतात. पुन्हा सर आली की आठ दिवसांत पीक शोधावं लागतं.

पास म्हणजे पाचरच. पाचर जितकी पातळ, तितकी कमी जोरात शिरते. धार गेली की तोच जोर माती ढकलण्यात जातो, मग बैल थांबतात किंवा ढकलणाऱ्याचे खांदे भरून येतात. कानस उताराच्या बाजूने एकाच दिशेने ओढा, मग दुसऱ्या बाजूला वळलेली बारीक कोर हलकेच काढा. ग्राइंडरची घाई नको. लोखंड निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा गेला, पुढं धार टिकत नाही. धार ओळखायची माझी रीत नखाची. पास नखावर टेकवली आणि अडकली तर ठीक, घसरली तर पुन्हा कानस.

सायकल कोळप्याच्या आसाला ग्रीस भरा. मूठ कमरेच्या उंचीला घ्या. दांडा फार उभा असला की निम्मा जोर जमिनीत जातो.

धार मोडते ती दगडांनी. म्हणून पेरणीआधीच दगड काढा, आणि पाठीने नको, पहारीने काढा. पहार 150 सेंटिमीटरची आणि टेकू टोकापासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर हाताकडची बाजू 135 सेंटिमीटर, म्हणजे नऊपट. टोकावर 90 किलोचा भार आला तरी हातावर सुमारे 10 किलोचाच जोर लागतो. बदल्यात हात 45 सेंटिमीटर खाली आणाल तेव्हा दगड 5 सेंटिमीटर उचलेल. तेवढ्यात खाली दगडाची चिप सारायची, टेकू पुढं घ्यायचा, पुन्हा दाबायचं. ओल्या रानात टेकू खचतो, त्याखाली फळी घाला. दगड एकचाकी गाड्यात भरताना चाकाजवळ ठेवा, मुठीकडे ठेवलात तर सगळं वजन हातावर येतं.

बाकीची कामं:
– तिफणीची नळी साफ
– दोर तपासणी, विरलेला बदलणे
– विळे, खुरपी पाजवणे
– फवारणी पंपाचा वायसर बदलणे

आता तणनाशक. सोयाबीनला पेंडीमेथॅलीन 30 टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रावण) एकरी 1 ते 1.3 लिटर, पेरणीनंतर 48 तासांत, उगवणीआधी, ओल असताना. हा अधिकृत डोस, लेबल वाचूनच वापरा. ज्याला वेळेवर कोळपता येणार नाही त्याने जरूर मारावं. पण पुढं तण गुडघ्याला आल्यावर दुकानदार दुसरी बाटली देतो, सोबत टॉनिकही, ते घेऊ नका. उगवणीनंतरची बहुतेक औषधं तण दोन ते चार पानांचं असतानाच काम करतात. मोठ्या तणावर पैसा जातो आणि पिकाला झटका बसतो, वर दुकानदार म्हणतो पाऊस कमी पडला. महागडं यंत्र घ्या म्हणणाऱ्यालाही आधी विचारा, याचं पातं कोण पाजवणार?

ढग भरून आले असतील तर हे वाचत बसू नका, कोळपं बाहेर काढा. आणि कोळपताना कानस खिशात ठेवा. पासेला तण कापून न येता गुंडाळून येऊ लागलं की तिथंच थांबायचं, दहा-बारा वेळा कानस ओढायची, मगच पुढची ओळ धरायची.