नदीकाठच्या बागेत पक्षी बघायला जाताना

सगळं आदल्या रात्रीच काढून ठेवा, पहाटे अर्धवट झोपेत हमखास काहीतरी राहतं. दुर्बीण ८×४२ची पुरे. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार ते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीच्या दुर्बिणीचा मोह होतो, पण तिच्यात हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. डोळ्यांची जुळणी घरीच उरका: उजवं भिंग झाकून, मधलं चाक फिरवून समोरची पाटी स्पष्ट करा, मग डावं झाकून तीच पाटी उजव्या डोळ्याजवळच्या कड्यानं स्पष्ट करा. ते कडं पुन्हा हलवायचं नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली करा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कित्येक महिने मी किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखे पक्षी पाहिले.

कपडे मातकट असावेत. पण रंगापेक्षा सळसळ वाईट, तेव्हा नायलॉनचं जाकीट नको. वही आणि पेन्सिल घ्या, ओल्या कागदावर शाई पसरते. आणि बसायला काहीतरी हवंच, जुनं आसनही चालेल. बागेतले पक्षी चालणाऱ्या माणसांना सरावलेले असतात, ते बिचकतात थांबून रोखून बघणाऱ्याला. म्हणून खंड्याची नेहमीची फांदी आधी शोधायची (खाली पांढरी विष्ठा पडलेली असते), लांबवर बसायचं आणि वीसेक मिनिटं गप्प राहायचं. तो बहुधा तिथेच परत येतो.

नकाशात काठ बघून ठेवा. सकाळी पूर्वेकडच्या काठावर बसलात तर ऊन पाठीशी राहतं. समोरच्या काठावर गेलात की पाणकावळा काय, बगळा काय, सगळ्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. नदीवर वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी सोडणार आहेत का, तेही पाहा. पाणी ओसरलेलं असलं की उघड्या चिखलात तुतारी, धोबी हे छोटे पक्षी किडे टिपायला उतरतात. पाणी चढतं तेव्हा ते जातात, आणि तुम्हीही काठ सोडायचा.

खिशात छोटी पट्टी असू द्या. चिखलात पाऊल उमटलेलं दिसलं तर शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. कुत्र्याच्या पावलाला चार बोटं उमटतात, पाणमांजराच्या पावलाला पाच. पण मऊ चिखलात पाचवं कधीकधी दिसतच नाही, तेव्हा एकाच ठशावर पैज लावू नका.

बदकांसाठी ब्रेड घरीच राहू द्या. फोनमधून पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही: नर घरटं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. फोन सायलेंटवर टाकाच, पण व्हायब्रेशनही बंद करा. लाकडी बाकावर ठेवलेला फोन काय गुरगुरतो!