संगणकाचे घड्याळ अचूक कसे ठेवावे

संगणक बंद असतानाही वेळ मोजत राहणारे मदरबोर्डवरील घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावावा अशी अपेक्षा असते. परंतु तापमानानुसार व वयानुसार त्यात फरक पडतो, आणि दहा लाखांत अवघ्या २० भागांची चूक दिवसाला सुमारे १.७ सेकंदांवर जाते. म्हणून वेळ एकदा हाताने लावून भागत नाही.

दुरुस्तीपूर्वी चूक किती आहे ते पाहावे. फरक नेमका तासांचा किंवा अर्ध्या तासाचा असेल, तर बहुधा घड्याळ बरोबर असून टाइम झोन चुकलेला असतो. वीज काढल्यावर प्रत्येक वेळी जुनी तारीख दिसत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. बहुतेक ठिकाणी ती सीआर२०३२ असते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स सहसा यूटीसी (जगभरची समान प्रमाणवेळ), त्यामुळे प्रणाली बदलताच वेळ सरकते. अशा वेळी दोघांना एकच पद्धत ठरवून द्यावी.

यानंतर सेटिंग्जमधील तारीख-वेळेच्या पानावर वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू करावा. त्यामागे एनटीपी हा जाळ्यावरून वेळ जुळवणारा प्रोटोकॉल (संगणकांच्या संवादाचे नियम) काम करतो. डेव्हिड मिल्स यांनी घडवलेल्या या प्रोटोकॉलचे पहिले आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा जाहीर दस्तऐवज) १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. संदेश निघाल्याची व पोहोचल्याची वेळ दोन्ही टोकांना नोंदवून तो प्रवासातील विलंब वजा करतो. मात्र जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असे तो गृहीत धरतो, आणि त्याची खरी मर्यादा हीच आहे. फायरवॉल असल्यास एनटीपीचे संदेश ज्यातून जातात ती यूडीपी पोर्ट १२३ ची वाट मोकळी ठेवावी.

सर्व्हरसाठी मी क्रोनी या एनटीपीने वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमची शिफारस करीन. त्याला वेळेचे किमान चार स्रोत (टाइम सर्व्हर) द्यावेत, कारण दोन घड्याळांत मतभेद झाला तर खोटे कोण हे कळत नाही, तिघांत बहुमत मिळते, आणि एक बंद पडले तरी चौथ्यामुळे ते बहुमत टिकते. मोठी चूक एका झटक्यात सुधारण्याची मुभा केवळ सुरुवातीच्या काही दुरुस्त्यांपुरती द्यावी. डेटाबेस चालू असताना वेळ मागे उडी मारून गेली, तर नंतरची नोंद आधीची ठरते. म्हणून पुढे घड्याळाची गती किंचित कमीजास्त करत फरक भरून काढू द्यावा. केर्बेरॉस ही ओळख पडताळण्याची पद्धत वापरणाऱ्या जाळ्यात सहसा पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की लॉगिनच नाकारले जाते, तेव्हा तेथील सर्व यंत्रांना तेच स्रोत द्यावेत.