कादंबरी संपली, आता वहीत काय लिहायचं?

मी समीक्षक नाही. पण तीन वर्षांनी कुणी 'कशी होती?' विचारलं, तर 'छान होती' याच्यापुढे आपल्याला काहीतरी सांगता यावं, एवढ्यासाठी एक वही ठेवते. तुम्हाला ठेवायची असेल तर माझी पद्धत सांगते.

पुस्तक उघडायच्या आधीच दोन ओळी खरडा: याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? गाजलेल्या कादंबऱ्या न वाचताच अर्ध्या माहीत असतात, आणि बऱ्याचदा चुकीच्या. १८१८च्या 'फ्रँकेन्स्टाइन'आधी मी लिहिलं होतं, 'राक्षसाचं नाव. विजा, आरडाओरडा.' निघालं भलतंच. नाव त्याला घडवणाऱ्या तरुणाचं. त्या जीवाला पुस्तकभर नावच नाही. तो एका खोपटात लपून, फटीतून शेजारचं गरीब कुटुंब बघत राहतो. आपण चोरतो त्यामुळे त्यांना कमी पडतंय, हे कळल्यावर त्यांचं अन्न घेणं थांबवतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. माझ्या वहीत त्या सरपणावरच दीड पान आहे. बाकी कादंबरीवर चार ओळी. असं लंगडं झालं तरी चालतं.

प्रस्तावना शेवटी वाचा. 'क्राइम अँड पनिशमेंट'च्या वेळी मी ती आधी वाचली आणि नंतर जे काही लिहिलं, त्यातला शब्दन् शब्द प्रस्तावनाकाराचा निघाला. माझी अशी एकच ओळ सापडली: 'आईचं ते लांबलचक पत्र. सगळं छान होईल म्हणते आणि पोटात खड्डा पडतो.' बाकीचं पान मी फाडून टाकलं. (रशियन कादंबरीत नावांची चिठ्ठी मात्र हवीच. रोदिओन रोमानोविच, रोद्या आणि रस्कोलनिकोव हा एकच माणूस आहे, हे मला उशिरा उमगलं.)

रहस्यकथा असेल तर अर्ध्यावर थांबून खुनी कोण ते लिहा. पेननेच लिहा, खाडाखोड नको. माझे अंदाज बहुतेक वेळा चुकतात, आणि चुकलेला अंदाजच नंतर वाचायला मजा येते, कारण लेखकाने आपल्याला नेमकं कुठे गंडवलं ते त्यात दिसतं.

कंटाळा आला तर तोही लिहा, प्रकरणाच्या आकड्यासकट. थोर पुस्तक आहे म्हणून लाजू नका. 'मोबी डिक'ची (१८५१) एकशे पस्तीस प्रकरणं आहेत. बत्तिसाव्यावर माझी नोंद अशी: 'जहाज सोडून हा देवमाशांची यादी काय करतोय?' दुसऱ्या दिवशी त्याखाली: 'देवमाशांचे गट पाडायला पुस्तकांच्या आकारांची नावं दिली आहेत! हसले. वर देवमासा हा मासाच, असं ठणकावतो.' जन्मभर 'देवमासा' म्हणत आलेल्या मी त्याच्याशी काय भांडणार? पण ते हसू आलं नसतं, तर पुस्तक तिथेच मिटलं असतं.

संपल्यावर लिहायचं ते त्याच रात्री. कथानक लिहू नका, ते कुठेही मिळतं. कुणाशी मनातल्या मनात भांडत होतात, काय वाचून पान उलटायचं राहिलं, ते लिहा. तारीख टाका.

आणि पुन्हा वाचलंत तर जुना शेरा खोडायचा नाही, खाली नवा लिहायचा. 'प्राइड अँड प्रेजुडिस'च्या पानावर माझं पहिलं वाक्य आहे: 'मिसेस बेनेट असह्य बाई.' काही वर्षांनी त्याखाली: 'पाच मुली, आणि नवऱ्यामागे घर जाणार दूरच्या नातेवाईक पुरुषाकडे. हिला झोप तरी कशी लागत असेल?' यंदा तिसऱ्यांदा वाचली. तिसरी ओळ: 'तरीही असह्यच.'