आर्डुइनो नॅनोवर प्रोग्रॅम चढत नाही, 'नॉट इन सिंक' एरर: माझा अनुभव

शाळेतल्या कार्यशाळेत मुलांचे गट तयार, दहा स्वस्तातले नॅनो बोर्ड (प्रोग्रॅम टाकून चालवायची छोटी सर्किटं) तयार, आणि प्रोग्रॅम एकावरही चढेना. नऊ बोर्डांचा पोर्ट लॅपटॉपवर दिसत होता, दिवाही लागत होता. अपलोड दाबलं की थोडं थांबून 'नॉट इन सिंक'. केबल बदलली, बोर्डावरच्या यूएसबी चिपचा (सीएच३४०) ड्रायव्हर पुन्हा टाकला, लॅपटॉप बदलला. दोन तास पाण्यात.

शेवटी सातवीच्या एका गटाने आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या मेनूतले पर्याय एकेक करून पाहिले, वहीत फुल्या मारत. बरोबरची खूण तिसऱ्या ओळीत पडली.

क्रम असा: ० आणि १ या पिनांच्या वायरी आधी काढा (अपलोड त्याच वाटेने होतं). टूल्समध्ये बोर्ड 'आर्डुइनो नॅनो' निवडा. मग तिथेच प्रोसेसरमध्ये 'एटीमेगा३२८पी (ओल्ड बूटलोडर)'. पोर्ट पुन्हा तपासा, मगच अपलोड.

बूटलोडर म्हणजे बोर्डातला, नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम. जुना बूटलोडर ५७,६०० बॉडवर (बॉड म्हणजे संवादाच्या वेगाचं माप) बोलतो, नवा १,१५,२०० वर; वेग जुळला नाही की हीच एरर.

दहाव्या बोर्डाचा पोर्टच दिसत नव्हता. त्याची केबल फक्त चार्जिंगची निघाली.